इच्छेचा विषय कोणाच्या वाट्याला?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जून-जुलैत कॉलेजच्या आवारात दोन रांगा लागतात. पहिली प्रवेशाची. तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत रोज छापून येते, टक्केवारीचे आकडे येतात, पालकांच्या मुलाखती येतात. दुसरी रांग प्रवेश झाल्यानंतर काही दिवसांनी लागते. ती ऐच्छिक विषयाची असते. नोटीस बोर्डाखाली टेबल टाकून एक क्लार्क बसलेला असतो, त्याच्यापुढे रजिस्टर असते आणि रजिस्टरातल्या साठ ओळी भरल्या की तो मान वर न करता सांगतो, "हा विषय भरला, दुसरा घ्या." या दुसऱ्या रांगेबद्दल सहसा कोणी बोलत नाही. आज मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

ही रांग अलीकडे लांब झाली, त्याला कारण आहे. पूर्वी बीए, बीकॉम आणि बीएस्सी हे तीन वेगळे वाडे होते. एका वाड्यातल्या मुलाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचे नाही, असा शिरस्ता होता. मग २०१५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने विषय निवडण्याची मोकळीक देणारी क्रेडिट पद्धत पुढे आणली आणि त्यानंतर २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्र शासनाने त्यासाठी २० एप्रिल २०२३ रोजी निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवा आराखडा लागू झाला. त्यात मुख्य विषय आहे, जोडविषय आहे, कौशल्याचे, भाषेचे आणि मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. आणि खुला ऐच्छिक विषयही आहे. या खुल्या विषयाची गंमत अशी की तो आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या मुलीने इतिहास घ्यावा, कलाशाखेच्या मुलाने संगणक घ्यावा, वाणिज्यवाल्याने कवितेत डोकावावे. कल्पना चांगली आहे.

आता हा विषय असतो केवढा? पंधरा तास शिकवले की एक क्रेडिट होते. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे तीस तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्या हिशेबात दोन क्रेडिट म्हणजे भाकरीवरचे मीठ. मिळाला काय आणि न मिळाला काय, असे कोणी म्हणेल.

मला तसे म्हणता येत नाही. मी बीए झालो तेव्हा आपल्या विद्यापीठाचे नाव मराठवाडा विद्यापीठ होते. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. घरात आमची दखनी, गल्लीत मराठी. बीएला ऐच्छिक विषय निवडायचे होते, त्यात मी एक मराठी साहित्य घेतले. घरात कोणी अडवले नाही. मामूंनी एवढेच विचारले, "इसका पगार कौन देंगा?" पगार कोणी दिला नाही, हे खरे आहे. पण पुढे आयुष्यभर मी जे काही लिहिले ते मराठीत लिहिले. त्या दिवशी कोणी "हा विषय भरला, दुसरा घ्या" म्हणाले असते तर मी दुसरा घेतला असता, पासही झालो असतो. मात्र माझ्या हातून जे लिहिले गेले ते लिहिले गेले नसते. ऐच्छिक या शब्दात इच्छा आहे. अभ्यासक्रमातली बाकीची पाने इतरांनी ठरवलेली असतात. मुलाला स्वतःच्या मर्जीने भरायला मिळते असे हे एकच पान. म्हणून ते कोणत्या रीतीने भरले जाते, हे पाहायला हवे.

जागा मर्यादित का असतात, हेही समजून घेऊ. संगणकाच्या खोलीत यंत्रे मोजकी असतात. फळप्रक्रियेचा विषय असेल तर प्रयोगशाळेत एका वेळी मोजकीच मुले उभी राहू शकतात. शिकवणारा एकच असतो. तेव्हा कोणाला तरी नाही म्हणावे लागणारच. प्रश्न एवढाच की, कोणाला नाही म्हणायचे हे कोण आणि कशावरून ठरवणार.

सर्वांत सोपी रीत म्हणजे जो आधी येईल त्याला आधी. वरवर पाहता ही रीत न्याय्य वाटते. कोणाचा वशिला नाही, कोणाची जात नाही, धर्म नाही. पण रांगेत आधी कोण येऊ शकतो? नवीन जालन्यात राहणारा मुलगा सकाळी सात वाजता कॉलेजच्या फाटकापाशी उभा राहील. मंठ्याहून किंवा घनसावंगीजवळच्या एखाद्या वाडीतून येणारी मुलगी एसटी आणील तेव्हाच येणार. तिची बस स्टँडवर लागेपर्यंत रजिस्टरातल्या साठ ओळी भरलेल्या असतात. तिने आळस केला म्हणून ती मागे राहिली नाही. तिचे घर दूर आहे म्हणून मागे राहिली. रांग तिच्या इच्छेचे मोजमाप करीत नाही, घरापासूनचे अंतर मोजते.

काही ठिकाणी रजिस्टर गेले आणि मोबाईलवरचा फॉर्म आला. सकाळी दहा वाजता लिंक उघडते आणि पाच-दहा मिनिटांत चांगले विषय संपतात. इथे अंतराची जागा नेटवर्कच्या रेंजने घेतली. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे तो पुढे. जिच्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर शेतात गेला आहे, ती मागे. यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही. रांगेचा नियम तोच राहिला, फक्त रांग दिसेनाशी झाली.

दुसरी रीत गुणांची. बारावीला ज्याला जास्त टक्के त्याला आधी निवड. प्रवेशाच्या वेळी हे आपण मान्य केले आहे. पण खुल्या ऐच्छिक विषयाला हा नियम लावताना जरा थांबून विचार करावा. हा विषय मुळातच परक्या शाखेचा आहे. रसायनशास्त्रात किती गुण पडले यावरून वृत्तपत्रलेखनाला कोण बसणार हे ठरवणे म्हणजे पोहण्याच्या शर्यतीवरून कुस्तीगीर निवडण्यासारखे आहे. शिवाय ज्याला एकदा गुणांमुळे पुढचा नंबर मिळाला त्याला प्रत्येक सत्रात तोच मिळत राहील आणि जो एकदा शेवटी राहिला तो पदवी घेईपर्यंत शेवटीच राहील. एखाद्या विषयाला आधीची तयारी खरोखर लागत असेल, तर तशी अट उघडपणे घालावी. ती अट पुरी करणाऱ्यांमध्ये मग टक्क्यांचा भेद करू नये.

तिसरी रीत सोडतीची. सोडत म्हटले की काही सुशिक्षित माणसे नाक मुरडतात. शिक्षणात जुगार कशाला, म्हणतात. पण सोडतीला आपल्या सार्वजनिक जीवनात मानाची जागा आहे. निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली तर ईश्वर चिठ्ठी काढतात आणि हरलेला ती मान्य करतो. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे खासगी शाळांतील २५ टक्के जागांसाठी अर्ज जास्त आले, तर सोडतच काढतात. हजला जाणाऱ्यांचे अर्ज कोट्यापेक्षा जास्त झाले की हज कमिटी कुर्रा काढते. कुर्रा म्हणजे चिठ्ठीच. ज्याचे नाव निघाले नाही तो हळहळतो, पण कोणाला दोष देत नाही. कारण चिठ्ठीला नातेवाईक नसतात. सगळ्यांचा हक्क सारखा आहे आणि वस्तू मात्र सगळ्यांना पुरत नाही, अशा वेळी चिठ्ठीइतका प्रामाणिक पंच मिळणे कठीण.

मात्र सोडत निघाली म्हणजे काम संपले, असे नाही. सोडतीने क्रम ठरतो. त्या क्रमाने वाटप करण्याआधी प्रत्येकाची इच्छा कळायला हवी. त्यासाठी पसंतीक्रम लिहून घ्यावा लागतो. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. आणि या पसंत्या कोणत्या रीतीने वाचल्या जातात, यात खरी मेख आहे. एक छोटे उदाहरण घेऊ.

समजा तीन विद्यार्थी उरले आहेत आणि तीन विषयांत एकेक जागा उरली आहे: संगणक, वृत्तपत्रलेखन आणि फळप्रक्रिया. सोडतीत अंबडच्या मुलीचा पहिला नंबर लागला, परतूरच्या मुलाचा दुसरा आणि जालन्याच्या मुलीचा तिसरा. अंबडची मुलगी आणि परतूरचा मुलगा, दोघांचीही पसंती सारखी आहे: आधी संगणक, मग वृत्तपत्रलेखन, मग फळप्रक्रिया. जालन्याच्या मुलीला आधी वृत्तपत्रलेखन हवे, मग फळप्रक्रिया, शेवटी संगणक.

एका पद्धतीत आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या वाचून जागा देऊन टाकतात. संगणक अंबडच्या मुलीला जातो. वृत्तपत्रलेखन पहिल्या पसंतीला एकाच मुलीने लिहिले आहे, म्हणून ते जालन्याच्या मुलीला जाते. परतूरच्या मुलाचा नंबर तिच्या आधी होता, तरी त्याची दुसरी पसंती वाचायची वेळ येईपर्यंत ती जागा गेलेली असते. त्याच्या पदरी तिसरी पसंती पडते. आता पाहा, त्याने संगणकाची इच्छा लपवून वृत्तपत्रलेखन पहिले लिहिले असते तर नंबर आधीचा असल्यामुळे ते त्यालाच मिळाले असते. म्हणजे खरे बोलला म्हणून तो बुडाला. पुढच्या वर्षी तो, त्याचा धाकटा भाऊ आणि त्यांचे मित्र काय शिकतील? फॉर्मवर मनातले लिहायचे नाही, हे शिकतील.

दुसऱ्या पद्धतीत नंबराप्रमाणे एकेकाची संपूर्ण यादी वाचतात. अंबडच्या मुलीला संगणक. परतूरच्या मुलाचा संगणक गेला, म्हणून लगेच त्याची दुसरी पसंती, वृत्तपत्रलेखन. जालन्याच्या मुलीला तिची दुसरी पसंती, फळप्रक्रिया. इथे कोणीही खोटे लिहून काहीच कमावू शकत नाही. जे हवे ते हव्या त्या क्रमाने लिहावे, एवढेच काम. विषय तेच, जागा त्याच, मुले तीच. फक्त चिठ्ठ्या वाचण्याची रीत बदलली.

हा प्रश्न गणितज्ञांनीही फार मनावर घेतला आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी कॉलेजप्रवेश आणि लग्नाच्या जोड्या यांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांची युक्ती आपल्याकडच्या स्थळे पाहण्यासारखी आहे. पहिल्या फेरीत होकार द्यायचा, पण सुपारी फोडायची नाही. पुढच्या फेरीत नियमाने ज्याचा हक्क आधीचा तो आला तर आधीचा होकार मागे घ्यायचा. सगळ्यांच्या याद्या तपासून झाल्या की मगच सुपारी फोडायची. या विचाराच्या पायावर पुढे काम करणारे ॲल्विन रॉथ आणि स्वतः शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तोवर हयात नव्हते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळाप्रवेशाला आपण वर पाहिलेली पहिली पद्धत होती. तिथल्या काही जाणत्या पालकांनी गट करून फॉर्म कसा भरावा याचे डावपेच शोधले होते. ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांची मुले मागे पडत. २००५ साली शहराने ती पद्धत सोडली आणि गेल-शॅपलींची धरली. आपल्याकडे २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागांचे एकत्रित वाटप होते, तेही याच कुळातले.

घराजवळचे उदाहरण अकरावीचे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले, त्यात जालनाही आला. दहापर्यंत पसंत्या लिहायच्या आणि नियमित फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथेच प्रवेश घ्यायचा, असा त्यात नियम होता. यादी दहाची असली की मुलांच्या मनात भीती शिरते. दहाही नावे मोठ्या कॉलेजांची लिहिली आणि एकही मिळाले नाही तर? मग मुले खरी इच्छा थोडी दडपतात. यादीची लांबी ही कागदावरची बाब वाटते, पण ती मुलांच्या खरेपणावर परिणाम करते.

इथवर एका विषयाचे झाले. पण पदवीत अनेक सत्रे असतात आणि काही ठिकाणी एकाच वेळी चार-पाच ऐच्छिक विषय निवडायचे असतात. अशा वेळी पहिल्या नंबराच्या मुलाने सगळी मलई एकदम घेतली तर शेवटच्याला ताकही उरत नाही. कालव्याच्या पाण्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मुखाजवळचा शेतकरी पोटभर भिजवतो आणि शेपटाकडचा आभाळाकडे बघतो. म्हणून पाणीवापर संस्थांमध्ये शेपटाकडून मुखाकडे पाणी देण्याची रीत आली. अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने असेच केले. एका फेरीत प्रत्येकाने एकच विषय घ्यायचा आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा करायचा. एरिक बुडिश आणि एस्टेल कँटियोन या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवले की तिथेही मुले डावपेच लढवतात. गर्दीचा विषय आधी लिहितात आणि मनातला मागे ठेवतात. तरीही, पहिल्याला सगळे आणि शेवटच्याला काही नाही, यापेक्षा एकूण वाटप बरे होते. २०१३ साली व्हार्टन या व्यवस्थापन शाळेने आणखी पुढे जाऊन बुडिश यांच्याच सिद्धांतावर व्यवस्था बसवली. प्रत्येक विद्यार्थ्याला जवळजवळ सारखे लुटुपुटीचे पैसे देतात, मुले कोणता विषय किती हवा ते सांगतात आणि संगणक प्रत्येक विषयाचा भाव असा ठरवतो की जागा आणि मागणी यांचा मेळ बसावा.

इतका खटाटोप आपल्याला नको. एका सत्राला एक खुला विषय असेल तर जालन्यातल्या कोणत्याही कॉलेजला कागद, पेन आणि एक रिकामा डबा पुरे. विषयांची आणि जागांची यादी आठ दिवस आधी लावावी. पसंतीच्या चिठ्ठ्या आठवडाभर घ्याव्यात. पहिल्या दिवशी दिलेली आणि शेवटच्या दिवशी दिलेली चिठ्ठी सारखीच मानावी. सर्वांसमक्ष सोडत काढून क्रम लावावा, याद्या पूर्ण वाचाव्यात आणि पुढच्या सत्रात तोच क्रम उलटा करावा. शेवटी एक दिवस अदलाबदलीचा ठेवावा. माझ्याकडे तुझा विषय आहे, तुझ्याकडे तिचा आणि तिच्याकडे माझा, अशी साखळी जुळली तर तिघांचेही काम होते आणि कोणाचे काही जात नाही. शॅपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४ मध्ये या साखळीचेही गणित मांडून ठेवले आहे.

चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. रजिस्टरच्या पद्धतीत साठावे नाव लिहिले की वही मिटते. एकसष्टावी मुलगी आली होती, याची नोंद कुठेच राहत नाही. तिला काय हवे होते, हे कॉलेजला कळत नाही, विद्यापीठाला कळत नाही, शासनाला तर नाहीच. वर्षअखेरीस कागदावर सगळे विषय भरलेले दिसतात आणि सगळे समाधानी दिसतात. चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर दिसेल की संगणकाला साठ जागा होत्या आणि मागणारे किती होते. त्या आकड्याच्या जोरावर प्राचार्य आणखी एक तुकडी मागू शकतात, आणखी एक शिक्षक मागू शकतात.

उलट बाजूनेही हा हिशेब कामाला येतो. उर्दू साहित्य, मराठी कविता, तत्त्वज्ञान अशा विषयांना पहिल्या पसंतीची मुले थोडी असतात. संख्या भरत नाही म्हणून विषय बंद होतो आणि ज्या सात-आठ मुलांना तो मनापासून हवा होता त्यांना गर्दीच्या विषयात ढकलले जाते. गर्दी आणखी वाढते. चिठ्ठ्यांवरून कळेल की त्या आठ जणांखेरीज दुसऱ्या पसंतीला तोच विषय लिहिणारे आणखी पंधरा आहेत. मग वर्ग उभा राहू शकतो. तरीही संख्या भरली नाही, तर जुन्या जालन्यातल्या आणि नवीन जालन्यातल्या कॉलेजांनी मिळून एक वर्ग चालवावा. मध्ये कुंडलिकाच तर आहे. २०१७ पासून सुरू असलेल्या स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतूनही काही विषय घेता येतात; एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेण्याची परवानगी आयोगाने २०२१ मध्ये दिली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वाटप कितीही नेकीने केले तरी ताटात एकच पदार्थ असेल तर निवड कसली? अनेक लहान गावांतल्या कॉलेजांत जो शिक्षक उपलब्ध आहे त्याचाच विषय खुला ऐच्छिक म्हणून समोर ठेवला जातो. तिथे चिठ्ठीही नको आणि सोडतही नको. तिथे शिक्षक हवेत. न्याय्य वाटपाची भाषा ही टंचाई झाकण्यासाठी वापरली जाऊ नये.

तेव्हा येत्या जुलैत आपली मुलगी, भाऊ किंवा भाचा कॉलेजातून विषय घेऊन घरी आला की त्याला कोणता विषय मिळाला एवढेच विचारून थांबू नका. जमले तर कॉलेजात जाऊन तीन प्रश्न विचारा. कोणत्या विषयाला किती जागा, हे आधी जाहीर केले होते का? पहिला नंबर कोणाचा, हे कोणत्या नियमाने ठरले? आणि या वेळी जो शेवटी राहिला, त्याला पुढच्या वेळी काय मिळणार? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही आणि यांची उत्तरे द्यायला संगणकही लागत नाही. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या सत्राला पुन्हा विचारा.